गुन्ह्याआधी गुन्हेगार

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



अशा व्यासपीठावर आधी विषयाची व्याख्या करायची पद्धत आहे. आज ती बाजूला ठेवतो आणि दोन शिक्षांपासूनच सुरुवात करतो. एका दुकानातल्या नोकराने गल्ल्यातून ५०० रुपये काढले. भारतीय दंडविधानाच्या ३८१ व्या कलमानुसार नोकराने किंवा कारकुनाने मालकाची वस्तू चोरली तर ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. साध्या चोरीला ३ वर्षं, चोर नोकर असेल तर ७. जुलै २०२४ मध्ये दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली. कलमाचा आकडा ३०६ झाला, ७ वर्षं तशीच राहिली.

आता दुसरी बाजू बघा. त्याच दुकानाचा मालक त्याच नोकराला दर महिन्याला किमान वेतनापेक्षा ५०० रुपये कमी देतो. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात याला शिक्षा होती ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या कायद्याची जागा आता वेतन संहितेने घेतली आहे. तिच्यात दंड ५० हजारांपर्यंत वाढलाय खरा, पण पहिल्या खेपेला कैद नाही. वर्षाच्या शेवटी नोकराच्या खिशातून ६,००० रुपये गेलेले असतात. तो लेबर ऑफिसच्या पायऱ्या झिजवतो. मालकाचे ५०० गेले तर मालक पोलीस चौकीत जातो.

सभागृहातली वकील मंडळी म्हणतील की नोकराच्या चोरीत विश्वासघात आहे, म्हणून शिक्षा जास्त. मान्य. पण महिनाभर राबून पगाराच्या दिवशी हात पुढे करणारा नोकरही मालकावर विश्वासच टाकत असतो. तो मोडला तर कायदा त्याला ‘थकबाकी’ समजतो. दंडविधानाचा मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये तयार केला आणि कायदा झाला १८६० मध्ये. ज्यांच्या घरी नोकर होते त्यांनी तो लिहिला, हे त्या कलमात स्पष्ट दिसतं. नंतर ज्यांनी तो दुरुस्त केला त्यांच्याही घरी नोकर होते.

कायदा गरिबांना जास्त मारतो एवढंच सांगायला मी आलेलो नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनही आपली झोप मोडत नाही. मला बोलायचंय ते त्याच्या आधीच्या गोष्टीबद्दल. गुन्हा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? खालच्या थरातल्या गुन्ह्याबाबत आधी माणूस येतो. त्याचा पेहराव येतो, त्याची वस्ती येते, आणि मग त्याने काय केलं असेल याचा शोध सुरू होतो. वरच्या थरात आधी घटना येते. घोटाळा झाला, बँक बुडाली, पूल पडला. ते करणारा माणूस मात्र वाक्यात शेवटपर्यंत येत नाही.

हे कसं घडत गेलं त्याचा इतिहास आपल्याच इलाख्यात आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाशिवाय पर्याय राहिला नाही. मुंबईत पैशाचा पूर आला. बॅकबेत समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपनीच्या शेअरपासून ज्यांचा कारभार फक्त कागदावर होता अशा कंपन्यांपर्यंत सगळ्यांचे भाव चढले. बँक ऑफ बॉम्बेमध्ये सरकारचं भांडवल होतं आणि सरकारने नेमलेले संचालकही होते. या बँकेने शेअर तारण ठेवून वाटेल तशी कर्जं दिली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, १ जुलैला वायद्याचे सौदे पुरे करायची वेळ आली तेव्हा शहरात कोणाकडे पैसे नव्हते. बँक मोडीत निघाली. १८६८ मध्ये चौकशी आयोग बसला, साक्षी झाल्या, अहवाल छापला गेला. त्या सट्ट्याचे अग्रणी प्रेमचंद रायचंद. त्यांचं नाव घेतलं की आज आपल्याला मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आठवतो. तो त्यांनीच आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून उभा राहिला. आठवायलाही हवा. पण त्या बँकेत ज्यांचे पैसे बुडाले त्यांची आठवण ठेवणारा मनोरा कुठे बांधलेला नाही.

त्या आयोगानंतर तीनच वर्षांनी, १२ ऑक्टोबर १८७१ रोजी, सरकारने गुन्हेगारीवरचा एक मोठा कायदा केला. तो बँकांसाठी किंवा सटोडियांसाठी नव्हता, ‘गुन्हेगार जमातीं’साठी होता. त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांचीही नोंद ठेवायची तरतूद होती. सरकारने एखादी जमात गुन्हेगार आहे असं राजपत्रात छापलं की तेवढं छापणं हाच पुरावा, त्यावर कोर्टात दाद नाही. त्या जमातीत जन्मलेल्या प्रत्येकाने नोंद करायची, ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. सुरुवातीला हा कायदा उत्तरेकडच्या प्रांतांत लागू होता. १९११ मध्ये नवा कायदा झाला, तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि त्याबरोबर बोटांचे ठसे घेणंही आलं. पारधी, कैकाडी, मांग गारुडी, भामटे, कंजारभाट, छप्परबंद... यादी वाढत गेली.

तीन वर्षं आधी, १९०८ मध्ये, मुंबई इलाख्याचे पोलीसप्रमुख मायकल केनेडी यांचं इलाख्यातल्या गुन्हेगार वर्गांवरचं जाडजूड पुस्तक आलं होतं. एकेका जातीचं एकेक टिपण. ही माणसं कुठे राहतात, कसा पेहराव करतात, आपसात कोणती बोली बोलतात, घर कसं फोडतात, माल कुठे लपवतात. पोलिसांना उपयोगी पडावं म्हणून लिहिलेलं, आणि पुष्कळ निरीक्षणं बारकाईची. पण ज्या मुंबईत एक अख्खी बँक कागदावर फस्त झाली होती, त्या मुंबईच्या पोलीसप्रमुखाला गुन्हेगार वर्ग लिहायला बसल्यावर ते लोक आठवले नाहीत. आठवणार तरी कसे? त्यांच्या पेहरावात टिपून घेण्यासारखं काही नव्हतं. तो पेहराव त्याच्या स्वतःच्या अंगावरही होता.

सोलापूरकरांना यापुढचं सांगायला नको. विजापुरात सुरू झालेलं या जमातींना वसाहतींत ठेवण्याचं काम स्टार्ट नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने वाढवलं, आणि सोलापूर, हुबळी, गदग, बारामती अशा ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या आत सेटलमेंट उभ्या राहिल्या. सोलापुरात आजही ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हा पत्ता आहे. स्टार्ट वाईट माणूस नव्हता. या लोकांना धंदा मिळावा, त्यांची मुलं शाळेत जावीत असं त्याला मनापासून वाटत होतं. गंमत अशी की त्याच वेळी सोलापूरच्या गिरण्यांना मजूर हवे होते. परवान्याशिवाय गाव सोडू न शकणारा मजूर कोणत्या गिरणीमालकाला आवडणार नाही? सुधारणा, पोलिसी बंदोबस्त आणि स्वस्त मजुरी अशा तीन गोष्टी एका कुंपणात बसल्या. कुंपणाबाहेरच्या शहराला हे सगळं परोपकार वाटलं.

आणखी एक गोष्ट या इतिहासात कोणी फारशी विचारत नाही. घरफोडीत सापडलेलं सोनं चोराच्या पालावर राहत नाही, ते विकलं जातं. ते घेणारा कोणीतरी असतो, त्याचं दुकान असतं, गावात मान असतो. चोरीचा माल घेणं हाही दंडविधानात गुन्हाच होता, कलम ४११, आणि शिक्षा साध्या चोरीइतकीच, ३ वर्षांपर्यंत. पण माल घेणाऱ्यांची जात राजपत्रात कधी छापली गेली नाही. त्यांच्यातला एखादा पकडला गेला तर तो एकटाच गुन्हेगार ठरला, त्याच्या पोरांना हजेरी लागली नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर हा कायदा रद्द झाला. तोच दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. जातीचं नाव गेलं, व्यक्तीचं आलं, आणि पोलीस ठाण्याच्या वहीत व्यक्ती पुष्कळदा त्याच जातीतल्या निघाल्या. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’, भीमराव गस्ती यांचं ‘बेरड’, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ ही याच जमातींतून आलेली पुस्तकं आपण वाचली. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ या दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. डोळे ओले झाले, परीक्षणं आली, अभ्यासक्रमातही ती लागली. माझी तक्रार अशी की ती आपण दुःखाची पुस्तकं म्हणून वाचली. आपल्या, म्हणजे या सभागृहात बसलेल्या वर्गाच्या, गुन्ह्याच्या कल्पनेवरचा तो पुरावा आहे असं वाचलं नाही.

तो पुरावा किती ताजा आहे ते एका खटल्यातून दिसतं. २००३ च्या जूनमध्ये नाशिक जिल्ह्यात पेरूच्या बागेतल्या एका झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, बलात्कार झाले. अतिशय भयंकर गुन्हा, त्याबद्दल दुमत नाही. पोलिसांनी भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना पकडलं. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये दोष कायम ठेवला आणि तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही फाशी परत लावली. सहाच्या सहा फाशीच्या रांगेत.

मग पुनर्विचार अर्ज आले. २०१८ मध्ये न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेऊन प्रकरण नव्याने ऐकलं, आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. सुटले ते एखाद्या तांत्रिक मुद्द्यावर नव्हे. घटनेनंतर लगेच वाचलेल्या साक्षीदार बाईला पोलिसांच्या दफ्तरातले फोटो दाखवले होते. तिने चार जण ओळखले होते. ते चौघे या सहांतले नव्हतेच. त्या चौघांचा माग कोणी काढला नाही, आणि ती ओळख खटल्यात दडपली गेली. न्यायालयाने तपासावर कडक ताशेरे मारले, आरोपी भटक्या जमातीतले, समाजाच्या तळच्या थरातले आहेत हे नोंदवलं आणि राज्याने प्रत्येकाला ५ लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. त्या सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

तीन न्यायालयं. सरकारी वकील, तपास अधिकारी, डॉक्टर, पत्रकार, वाचक. या साखळीतली बहुतेक माणसं प्रामाणिक असतील असं मी धरून चालतो, आणि भीती मला त्याचीच वाटते. कटकारस्थान असतं तर कोणीतरी फुटलं असतं. इथे कट करायची गरजच पडली नाही. दरोडा भयंकर होता आणि हातात आलेली माणसं दरोडेखोरासारखी दिसत होती, एवढ्यावर सगळ्यांची खात्री पटली. साक्षीदार बाईने दुसरीकडे बोट दाखवलं, तेव्हा बाईचं बोट चुकलं असेल असं वाटलं, पण पकडलेली माणसं चुकली असतील असं कोणाला वाटलं नाही. त्या कुटुंबाला मारणारे खरे लोक कोण, हे विचारायला वर्षानुवर्षं कोणी उरलं नव्हतं. वर्गाच्या चष्म्यातून तपास केला की निरपराध माणूस आत जातो हे आपण म्हणतो. त्याच वेळी अपराधी बाहेर राहतो, हे म्हणायचं विसरतो.

तुरुंगातली आकडेवारी मी फार सांगणार नाही. एवढंच की २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते, त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा दोष अजून ठरलेला नाही असे. शंभरातले जवळपास ७६. यातले पुष्कळ जण केवळ जामीनदार मिळत नाही म्हणून आत आहेत. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण न्या. कृष्णा अय्यर यांच्यापुढे आलं. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला होता, पण दंडाधिकाऱ्याने १० हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. अय्यरांनी त्या आदेशाची चांगलीच हजेरी घेतली आणि रक्कम १ हजारावर आणली. आता पंचेचाळीस वर्षं उलटून गेली. कोणत्याही तालुका कोर्टाबाहेर उभे राहा, सातबारा घेऊन येणारा जामीनदार शोधत फिरणारी म्हातारी आई तुम्हाला दिसेल.

आता वरच्या थराकडे येतो. डिसेंबर १९३९ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात समाजशास्त्र परिषदेपुढे एडविन सदरलँड यांनी अध्यक्षीय भाषण केलं. गुन्ह्याची कारणं गरिबीत, फुटलेल्या घरांत, मंदबुद्धीत शोधणारं शास्त्र चूक आहे, कारण ते फक्त पकडल्या गेलेल्यांना मोजतं, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी ७० बड्या कंपन्यांचं दफ्तर काढलं आणि त्यांच्याविरुद्ध गेलेले ९८० निकाल शोधून काढले. बहुतेक निकाल फौजदारी कोर्टाचे नव्हतेच, नियामक आयोगांचे आणि दिवाणी कोर्टांचे होते. सदरलँड म्हणाले की कृत्य गुन्ह्याचंच आहे, फक्त या वर्गासाठी दार वेगळं आहे. पुस्तक १९४९ मध्ये निघालं. छापण्याआधी प्रकाशक घाबरला. ज्यांना फौजदारी कोर्टाने दोषी ठरवलेलं नाही त्यांना गुन्हेगार म्हटलं तर बदनामीचा दावा लागेल! कंपन्यांची नावं काढली गेली. नावांसकट पुस्तक यायला १९८३ उजाडलं. केनेडीचं पुस्तक आठवा. त्यात अख्ख्या जातींची नावं प्रकरणांचे मथळे म्हणून आहेत, त्यांतल्या बहुतेकांना कोणत्याच कोर्टाने काही म्हटलेलं नव्हतं, आणि तिथे दाव्याची भीती कोणाला वाटली नाही.

ते वेगळं दार आपल्याकडेही आहे. शेअर बाजारातल्या कित्येक गैरव्यवहारांत २००७ पासून सेबीकडे आरोप मान्य किंवा अमान्य न करता रक्कम भरून प्रकरण मिटवता येतं. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ केंद्रीय कायद्यांतल्या १८३ तरतुदींमधली शिक्षा काढली किंवा सौम्य केली. उद्योगाला मोकळा श्वास घेता यावा, नागरिकावर विश्वास दाखवावा हा उद्देश. मला हे धोरण मुळात चूक वाटत नाही. फॉर्म वेळेत भरला नाही म्हणून माणसाला तुरुंगात घालणं हा शहाणपणा नाही. पण विश्वास दाखवायचं ठरलं तेव्हा रांगेत पुढे कोण होतं आणि मागे कोण राहिलं, हे बघायला हवं. मागे कोण राहिलं ते शेवटी सांगतो.

भोपाळचं नाव घेतल्याशिवाय हा भाग पुरा होत नाही. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री तिथल्या कारखान्यातून सुटलेल्या विषारी वायूने हजारो माणसं मेली. कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांवर सदोष मनुष्यवधाचा आरोप होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निष्काळजीपणाच्या कलमावर, ३०४-अ वर, आणला. जून २०१० मध्ये निकाल लागला, २ वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच दिवशी जामीन मिळाला. कायद्याच्या चौकटीत याचं समर्थन करता येईल. निष्काळजीपणा म्हणजे हेतू नव्हता, आणि हेतू नव्हता म्हणून शिक्षा कमी. पण मग गल्ल्यातून ५०० रुपये काढणाऱ्या नोकराचा कोणाला इजा करायचा हेतू होता? हेतूची ही मोजपट्टी कारखाना चालवणाऱ्याच्या मापाने बनलेली आहे. सुरक्षेवरचा खर्च कापायचा निर्णय बैठकीत होतो, त्याचं इतिवृत्त असतं, आणि त्यातून माणसं मेली तर तो अपघात.

अपघातावरूनच पुढचं. २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे वांद्र्यात एका नटाच्या नावावर असलेली गाडी बेकरीबाहेर झोपलेल्या मजुरांवर चढली. एक जण मेला, चौघे जखमी झाले. २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने नटाला ५ वर्षांची शिक्षा दिली, त्याच वर्षी उच्च न्यायालयाने पुरावा पुरेसा नाही म्हणून त्याला निर्दोष सोडलं. कोर्टाचा निकाल कोर्टाचा, त्यावर मी बोलत नाही. मी बोलतोय त्या दिवसांत आपल्या घरांत झालेल्या चर्चेवर. ही माणसं फुटपाथवर झोपलीच कशाला, हा प्रश्न किती सहज विचारला गेला! रस्ता काय झोपायची जागा आहे?

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला रात्री अडीचच्या सुमारास एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव पोर्शने दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. बाल न्याय मंडळाने जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि महाराष्ट्र पेटून उठला. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. संताप रास्तच होता, मलाही आला. पण रात्री अडीच वाजता ही दोघं रस्त्यावर काय करत होती, असं एकाही सभ्य माणसाने विचारलं नाही. विचारायला नकोच होतं. मग वांद्र्याला का विचारलं? गाडीत बसलेला दोन्हीकडे श्रीमंतच होता. फरक मेलेल्या माणसात होता. पुण्यातली दोघं आपली मुलं वाटली. म्हणजे गुन्हेगाराला वर्ग असतो तसा बळीलाही असतो, आणि आपला संतापही त्यानुसार कमी-जास्त होतो.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. तुम्ही गरीब चोराची वकिली करता, पण त्या चोराचा पहिला बळी गरीबच असतो. लोकलमध्ये ज्याचं पाकीट मारलं जातं तो उद्योगपती नसतो. भाजीवालीच्या पिशवीतला दिवसभराचा गल्ला जातो तेव्हा तिच्या घरी चूल पेटत नाही. वस्तीतल्या दादाची दहशत वस्तीतल्याच बायकांना सोसावी लागते. हे शंभर टक्के खरं आहे. ऐंशीच्या दशकात ब्रिटनमधल्या जॉक यंग आणि जॉन ली या डाव्या अभ्यासकांनी आपल्याच मित्रांना हे बजावलं होतं. रस्त्यावरचा गुन्हा म्हणजे वर्तमानपत्रांनी उठवलेली आवई, असं म्हणणं ज्यांना तो परवडतो त्यांचंच असतं. म्हणून पोलीस नकोत, शिक्षा नको असं मी म्हणत नाही. भाजीवालीला तिचा गल्ला परत मिळाला पाहिजे आणि चोर सापडला पाहिजे. तक्रार लिहून घ्यायलाच तिला चौकीवर दोन चकरा माराव्या लागतात. भाजीवालीचं नुकसान आपल्या कल्पनेतल्या गुन्ह्यात बसतं, पण भाजीवाली स्वतः फिर्यादी म्हणून बसत नाही.

आणि सभ्य गुन्ह्याचा बळी तरी कोण असतो? २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले. सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. एका बांधकाम समूहाची बुडीत कर्जं लपवायला बँकेच्या दफ्तरात २१ हजारांहून जास्त बनावट खाती उभी केली होती. बुडाले ते निवृत्त शिक्षक, रिक्षावाले, गृहनिर्माण संस्थांचे निधी. न्यायाला धरून हेही सांगतो की अटका झाल्या, अध्यक्ष, व्यवस्थापकीय संचालक आणि बांधकाम समूहाचे मालक आत गेले. म्हणजे श्रीमंतांना कधीच हात लागत नाही असं नाही. पण पुढे काय झालं नाही ते बघा. सनदी लेखापालांना पोलीस ठाण्यात हजेरी लागली नाही. बिल्डरांच्या मुलांना शाळेत कोणी वेगळं बसवलं नाही. रात्री कोणत्या टॉवरवर कोंबिंग ऑपरेशन झालं नाही. झालं नाही हेच योग्य, कारण गुन्हा त्या ठरावीक माणसांनी केला होता. एवढं योग्य वागणं पारधी वस्तीच्या वाट्याला यावं, माझं मागणं यापेक्षा मोठं नाही.

आपल्यापैकी अनेकांनी फ्लॅट घेताना काही रक्कम रोख दिली आहे. हात वर करायला सांगत नाही. मुद्रांक शुल्क बुडालं, आयकर बुडाला, दस्तावर खोटी किंमत लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. पेढेही वाटले. मग सोसायटीत राहायला गेल्यावर पहिल्याच सभेत ठराव झाला की कामाला येणाऱ्या बायकांचं पोलीस व्हेरिफिकेशन करायचं आणि गेटवर त्यांच्या पिशव्या तपासायच्या. ठराव मांडणारा दुष्ट माणूस नव्हता, त्याला आपली मुलंबाळं सुरक्षित हवी होती. त्या सभेत कोणालाही दोन गोष्टींचा संबंध लागला नाही, कारण आपल्या मनात एक व्यवहार आहे आणि दुसरा गुन्हा.

आता तो शेवटचा भाग, रांगेत मागे कोण राहिलं त्याचा. महाराष्ट्रात १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंध कायदा आजही लागू आहे. त्यातली भीक मागण्याची व्याख्या मुद्दाम काढून वाचा. सार्वजनिक जागी भिक्षा घेणं, मग त्यासाठी गाणं म्हटलं, नाच केला, भविष्य सांगितलं, खेळ केला किंवा एखादी वस्तू विकायला पुढे केली तरी, ती भीकच. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि भीक मागून जगत असावा असं वाटावं अशा अवस्थेत रस्त्यावर फिरणं, हेही त्या व्याख्येत येतं. पहिल्यांदा सापडलं तर १ ते ३ वर्षं भिक्षेकरीगृहात, पुन्हा पुन्हा सापडलं तर १० वर्षांपर्यंत. या व्याख्येत गोंधळी बसतो, वासुदेव बसतो, डोंबारी, नंदीबैलवाला, पोतराज, कुडमुडे जोशी सगळे बसतात. भटक्या जमातींच्या पिढ्यानपिढ्यांच्या धंद्यांची ती जवळजवळ पूर्ण यादी आहे. याच कला आपण महाराष्ट्र दिनाला सरकारी मंचावर बसवतो आणि कौतुक करतो. रेल्वेच्या फलाटावर तेच गाणं पकडून नेण्याजोगं होतं. काम नसणं, घर नसणं आणि ते लोकांना दिसणं, एवढ्यावर कैद!

८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीत लागू असलेल्या याच मुंबईच्या कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं घटनाबाह्य ठरवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांमधली जातीवर बेतलेली कामाची वाटणी रद्द केली, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्त जमातींना जन्मानेच सराईत समजणारे कारागृह नियम घटनेत बसत नाहीत असं सांगितलं. म्हणजे न्यायालयं दोन पावलं पुढे आली आहेत. विधिमंडळ यायचं आहे. भिक्षा प्रतिबंध कायदा राज्याचा आहे, त्यासाठी दिल्लीकडे बघावं लागत नाही. उद्योगांसाठी जसा एका विधेयकात ४२ कायद्यांचा निकाल लागला, तसं एक छोटं विधेयक इथल्या एका अधिवेशनात पुरे होईल. आपल्या मतदारसंघाच्या आमदारांना त्या कायद्याचं दुसरं कलम छापून पाठवा, उत्तर काय येतं ते मलाही कळवा. मुख्य विषय माझ्यापुरता इथे संपला. आता प्रश्न घेऊ.